एडीएचडीवाल्या मोठ्या माणसाचं गाडं अडलं की नेमकं काय करायचं: सविस्तर गाईड (नागपूरकरांसाठी जरा जास्तच)

हे एडीएचडीवाल्या लोकांसाठी लिहून राहिलो, म्हणजे लक्ष टिकवणं आणि चंचलपणा आवरणं ज्यांच्या मेंदूला जड जाते त्यांच्यासाठी, ज्यांना काय करायचं ते शंभर टक्के माहीत असतं आणि तरी होत नाही. लायसन्स संपत आलंय, रिटर्न भरायची ३१ जुलै जवळ आली, एका मेलला उत्तर द्यायचंय, कूलरच्या ताट्या बदलायच्या आहेत, आणि तुम्ही पलंगावर आडवे पडून मोबाईल वर-खाली करून राहिले. घरच्यांना वाटते काय आळशी माणूस आहे. पण आळशी माणूस पडल्या पडल्या मजेत असतो हो, इथं तर दोन तास पडूनही आराम नाही, डोक्यात तीच यादी फिरत असते, आणि संध्याकाळी असं थकल्यासारखं होते जसं दिवसभर काम केलं.

टाइम मॅनेजमेंटचे ज्ञान देणारे व्हिडिओ इथं फार कामी येत नाहीत, कारण ते धरून चालतात की माणसानं ठरवलं की तो सुरू होतो. एडीएचडीत बिघाड ठरवणं आणि सुरू करणं याच्या मधेच असतो. मेंदूची जी कामं असतात नं, सुरुवात करणं, क्रम लावणं, डोक्यात दोन-तीन गोष्टी एकदम धरून ठेवणं, वेळेचा अंदाज घेणं, ती डोपामिन आणि नॉरअॅड्रेनॅलिन या मेंदूतल्या रसायनांच्या यंत्रणेवर चालतात आणि आपल्या एडीएचडीवाल्यांकडे ती यंत्रणा वेगळी चालते. काम महत्त्वाचं आहे एवढ्यानं ती हलत नाही. काम नवीन असलं, आवडीचं असलं किंवा डोक्यावर आगीसारखं आलं तर हलते. म्हणून ऑफिसचं प्रेझेंटेशन रात्री दोन वाजता झकास होते आणि दहा मिनिटांचा फॉर्म चार महिने पडून राहतो. हे बऱ्यापैकी आनुवंशिक आहे, जुळ्या भावंडांवरच्या अभ्यासांत ७० ते ८० टक्के वाटा जनुकांचा निघतो, तेव्हा वडिलांच्या कपाटातल्या अर्धवट फायली आठवल्या तर हसू नका.

माझं म्हणणं एवढंच आहे की अडकणं एकाच प्रकारचं नसते. आधी कुठं अडकलं ते पाहायचं, मग त्याचा उपाय. सगळ्यावर एकच औषध, ते म्हणजे स्वतःला शिव्या घालणं, आपण वर्षानुवर्षं लावून पाहिलंच आहे.

सगळ्यात आधी शरीर पाहा

हे बोअर वाटते म्हणून लोक गाळतात. जेवलात का? पाणी प्यालात का? रात्री किती वाजता झोपलात? एडीएचडीची गोळी चालू असेल तर आज घेतली का? एडीएचडीवाल्यांना भूक आणि थकवा बरेचदा उशिरा समजतो, आणि झोप उशिरा लागणं तर आपल्यात फारच कॉमन. चार तास झोपून सकाळी "आज माझ्यात विल पॉवर नाही" म्हणणं म्हणजे उगाच भलत्यावर खापर फोडणं.

त्यात नागपूरचा उन्हाळा. मे महिन्यात पारा ४५ च्या वर गेला की दुपारी एक ते चार हा वेळ डोक्याच्या कामासाठी मेलेलाच समजा, त्यात तर्री पोहे आणि वरून जेवण झालं असेल तर विचारूच नका. म्हणून एप्रिल ते जूनमधे नकोशी वाटणारी कामं सकाळी अकराच्या आत लावायची, आणि दुपारी हाताची कामं, कपडे घडी करणं, जुने कागद फाडणं, फोनवरचे फोटो डिलीट करणं. दुपारी काम झालं नाही म्हणून अपराधी वाटून घेऊ नका, अख्खं इतवारी मार्केटसुद्धा त्या वेळी सुस्त असते.

मग स्वतःला एकच प्रश्न विचारा

"आत्ता, पुढच्या दोन मिनिटांत, माझा हात नेमका कुठं जाईल?"

याचं उत्तर काय येते त्यावर पुढचं सगळं. उत्तरच आलं नाही तर काम धूसर आहे. उत्तर आलं पण पोटात गोळा आला तर भीती किंवा लाज आहे. चार उत्तरं एकदम आली तर निर्णय अडलाय. उत्तर स्पष्ट आहे, भीती नाही, पण नुसतं नको नको होऊन राहिलं तर काम कंटाळवाणं आहे. आणि "चार वाजता प्लंबर येणार आहे ना, मग आत्ता काय सुरू करायचं" असं आलं तर तुम्ही वाट पाहण्यात अडकलात. दोन कारणं एकत्रही असतात, तरी जे जास्त जोरात आहे ते पहिले धरा.

काम धूसर असलं तर

हे सगळ्यात जास्त होते म्हणून इथं जरा थांबतो. उदाहरण लायसन्स रिन्यू करायचं घेऊ. डायरीत "लायसन्स" असं लिहिलेलं असते आणि ते प्रत्येक नव्या पानावर उतरत जाते. आता "लायसन्स" हे काम नाहीच, ती पंधरा कामांची पिशवी आहे, आणि मेंदू पिशवी पाहूनच मागे फिरतो कारण त्याला आत काय आहे ते एका वेळी डोक्यात धरता येत नाही.

तर पिशवी कागदावर ओता. मोबाईलवर नको, मोबाईल उघडला की आपण इन्स्टावर, हे तुम्हालाही माहीत आहे मलाही. एखादं पाठकोरं पान घ्या आणि जे सुचेल ते वाकडंतिकडं लिहा. लायसन्स कुठं आहे? पाकिटात का कपाटात? तारीख कधी संपते? नंबर एमएच ३१ चा आहे का एमएच ४९ चा, म्हणजे शहरचं आरटीओ का पूर्व नागपूरचं? आधारला जो मोबाईल नंबर आहे तो चालू आहे का, कारण ओटीपी तिथं येईल. चाळिशी पार केली असेल तर फॉर्म १-ए लागतो, म्हणजे डॉक्टरची सही आणि शिक्का. फोटो. मग परिवहनच्या सारथी साइटवर महाराष्ट्र निवडायचं, लायसन्स नंबर आणि जन्मतारीख टाकायची, फी भरायची.

आता यातलं पहिलं काम कोणतं? साइट उघडणं नाही. पहिलं काम आहे "उठून पँटच्या खिशातलं पाकीट काढून लायसन्स टेबलावर ठेवणं". बस. आज एवढंच केलं तरी चालते. पहिलं पाऊल इतकं छोटं पाहिजे की करताना थोडी लाज वाटली पाहिजे. लायसन्स टेबलावर आलं की पाहिलं जाते, पाहिलं की तारीख समजते, आणि बरेचदा त्या ओघात नंबर टाकेपर्यंत माणूस पोचतो. नाही पोचला तरी उद्या ते टेबलावर दिसेल, कपाटात असलं तर आपल्यासाठी ते अस्तित्वातच नसते.

आणि थांबताना एक करा, पुढचं पाऊल त्याच कागदावर लिहून मग उठा: "उद्या चहा झाल्यावर: नाक्यावरच्या डॉक्टरकडे फॉर्म १-ए घेऊन जाणे". "चहा झाल्यावर" हे शब्द महत्त्वाचे. "अमुक झालं की तमुक करीन" अशी ठरवणूक नुसत्या "उद्या करीन" पेक्षा जास्त टिकते, हे पीटर गॉलवित्झर नावाच्या मानसशास्त्रज्ञानं ९० च्या दशकातच मांडलं आणि नंतर बऱ्याच जणांनी तपासलं.

(ज्यांचं लायसन्स खरंच संपलंय त्यांच्यासाठी: मुदत संपल्यावर एका वर्षाच्या आत अर्ज केला तर रिन्यू होते, त्यापुढे परत टेस्ट द्यावी लागते. संपलेल्या लायसन्सवर गाडी चालवणं ही मात्र वेगळी भानगड, ते करू नका.)

भीती किंवा लाज असली तर

मेलला उत्तर द्यायचं राहिलं. दोन दिवस झाले तेव्हा साधी गोष्ट होती. पंधरा दिवस झाले तर आता उशिराचं कारणही द्यावं लागेल. महिना झाला तर तो माणूस समोर दिसला तरी आपण सीताबर्डीवर गल्ली बदलतो. म्हणजे काम तेवढंच आहे, त्याच्यावर लाजेचे थर चढत गेले.

इथं काम छोटं करून उपयोग होत नाही, लाज छोटी करावी लागते. पहिली गोष्ट, कारणं देऊ नका. लांबलचक माफीनाम्यामुळंच तर मेल लिहिली जात नाही. दोन ओळी: "उत्तराला उशीर झाला, माफ करा. फाईल सोबत जोडली आहे." संपलं. समोरच्याला फाईल पाहिजे असते, आपलं आत्मचरित्र नाही.

दुसरी गोष्ट, दुसऱ्या माणसासमोर करा. मित्राला फोन लावायचा, स्पीकरवर टाकायचा आणि सांगायचं.

"अबे ऐक नं, एक मेल पाठवायची आहे, फोन चालू ठेव फक्त."

"काय बोलायचं मी?"

"काही नको बोलू. तू तुझं काम कर, पाठवली की सांगतो."

"बरं. मी भाजी निवडून राहिलो, तू कर."

एवढंच. समोरच्यानं मदत करायची नाही, नुसतं असायचं. हे एडीएचडीवाल्यांमधे जगभर चालते आणि का चालते हे पूर्ण समजायची वाट पाहायची गरज नाही. फक्त माणूस असा निवडा जो "अजून नाही केलं? काहून बे?" असं विचारणार नाही.

पाकिटं न उघडणं, बँकेचे मेसेज न वाचणं, हेही यातलंच. त्यासाठी उघडणं आणि उत्तर देणं ही दोन वेगळ्या दिवसांची कामं करा. आज फक्त उघडायचं, वाचायचं, तारीख असेल तर कव्हरवर मोठ्या अक्षरात लिहायची. आज काही भरायचं नाही, कोणाला फोन करायचा नाही. ही सूट दिली की हात पुढे जातो.

निर्णय अडला असला तर

थोडक्यात सांगतो. ज्या निर्णयाचं नुकसान हजार-दोन हजाराच्या आत आहे तिथं तुलना बंद, पहिला ठीकठाक पर्याय घ्यायचा. कूलर घ्यायला आठ दुकानं आणि चाळीस रिव्ह्यू लागत नाहीत, तोवर जून येते. मोठा निर्णय असेल, नोकरी, घर, तर तो एकट्यानं डोक्यात करू नका, एखाद्या माणसाशी मोठ्यानं बोला, कारण डोक्यात चार पर्याय एकदम धरणं हीच तर आपली कमजोर बाजू.

नुसतं कंटाळवाणं असलं तर

कंटाळवाणं काम शिस्तीनं इंटरेस्टिंग होत नाही, त्याच्या आजूबाजूला काहीतरी घालावं लागते. जागा बदला. नागपुरात स्पर्धा परीक्षांच्या पोरांमुळं गल्लोगल्ली अभ्यासिका झाल्यात, महिन्याची फी भरून एक खुर्ची घ्या, आजूबाजूला वीस पोरं मान खाली घालून बसलेली असली की आपलीही मान आपोआप खाली जाते. चाळीस वर्षांचा माणूस तिथं बसला तर कोणी काही म्हणत नाही, फार तर "काका" म्हणतील. मला घरातल्या टेबलापेक्षा मेट्रो बरी वाटते. खापरीहून ऑटोमोटिव्ह चौकापर्यंत एसीत बसायचं आणि उतरायच्या आत ही एक्सेल संपवायची, अशी हद्द आखून घेतली की काम होते. हे ऐकायला येडपट वाटेल पण तिकिटापेक्षा लेट फी महाग असते.

टायमर लावा, पण २५ मिनिटांचाच पाहिजे असं कोणी सांगितलं नाही, आठ मिनिटं लावा. गाणी लावा, शक्यतो शब्द नसलेली किंवा हजारदा ऐकलेली. आणि फोन दुसऱ्या खोलीत, सायलेंटवर उलटा ठेवणं म्हणजे दूर ठेवणं नाही.

उलटंही होते, एखाद्या गोष्टीत असं घुसतो की बाहेरच येत नाही. दहाला बसलो बाइकचे पार्ट शोधायला आणि तीन वाजले. त्यासाठी असा अलार्म लावा जो बंद करायला उठावं लागेल. नाहीतर घरच्यांना सांगून ठेवा की एक वाजता येऊन खांद्यावर हात ठेवा, लांबून हाक मारू नका, लांबून मारलेली हाक आपल्याला ऐकूच येत नाही.

वाट पाहण्यात अडकलात तर

चारची अपॉइंटमेंट म्हणून सकाळपासून काहीच नाही. यावर एकच उपाय मला पटतो, शक्य तिथं अपॉइंटमेंट सकाळची घ्यायची. नाही मिळाली तर दोन अलार्म, एक "आता तयार हो" चा आणि एक "आता नीघ" चा, म्हणजे वेळ सांभाळायचं काम डोक्यातून फोनकडे जाते. निघायच्या वेळेत चपला शोधायचे आणि गाडी काढायचे दहा मिनिटं धरा. "धरमपेठहून सदर, पाच मिनिटांत पोचतो" हे आपण सगळे बोलतो आणि कोणीच पोचत नाही.

घरच्यांना कसं सांगायचं

"मला एडीएचडी आहे" म्हटलं की आई म्हणणार, "आमच्या वेळी नव्हतं बाबा असलं काही." वाद घालू नका, काही फायदा नाही. आजाराचं नाव पटवण्यापेक्षा एक ठोस गोष्ट मागा. "आई, मला एका वेळी तीन कामं सांगितली तर दोन विसरतो, तू फ्रीजवरच्या पाटीवर लिही." हे तिला लगेच जमते, आणि टोमणे निम्मे कमी होतात. बायको किंवा नवऱ्यासोबत जरा जास्त बोलावं लागेल, कारण तुमची विसरलेली कामं आजवर त्यांनी उचलली आहेत आणि त्यांचा राग खरा आहे. कामांची सरळ वाटणी करा. तुमच्याकडे अशी कामं घ्या ज्यात हालचाल आहे आणि लगेच संपतात, बाजार, पोरांना शाळेत सोडणं. बिलं मात्र ऑटो पेवर टाका, तिथं मोठेपणा नको.

डॉक्टरकडे कधी आणि कसं

वरचं सगळं करूनही नोकरी, पैसा, नाती यात सतत मार बसत असेल, आणि हे लहानपणापासून आहे असं आठवत असेल, तर तपासून घ्या. मोठ्या माणसांत साधारण शंभरात दोन-तीन जणांना एडीएचडी असतो, म्हणजे तुम्ही काही जगावेगळे नाही. जागतिक आरोग्य संघटनेची एएसआरएस नावाची १८ प्रश्नांची प्रश्नावली फुकट मिळते, त्यातले पहिले ६ प्रश्न मुख्य, आणि ६ पैकी किमान ४ ची उत्तरं गडद चौकटीत आली तर डॉक्टरला भेटा. ती निदान करत नाही, फक्त पुढं जायचं का ते सांगते. निदानासाठी १७ वर्षांच्या किंवा त्याहून मोठ्या माणसात लक्षाची किंवा चंचलतेची ९ पैकी किमान ५ लक्षणं लागतात, ती एकापेक्षा जास्त ठिकाणी दिसावी लागतात, आणि त्यातली काही वयाच्या १२ च्या आधीपासून असायला पाहिजेत.

म्हणून जाताना जुनी प्रगतिपुस्तकं न्या. "हुशार आहे पण लक्ष देत नाही", "वही अपूर्ण" असले शेरे डॉक्टरला फार कामाचे असतात. आई किंवा मोठी ताई सोबत आली तर उत्तम, ती दोन मिनिटांत असं काही सांगेल जे तुम्ही विसरून गेलात. आणि बोलायचे मुद्दे कागदावर लिहा, नाहीतर खुर्चीत बसल्यावर "तसं सगळं ठीक आहे" म्हणून परत याल.

नागपुरात मेडिकल आणि मेयो ही सरकारी हॉस्पिटलं आणि मिहानमधलं एम्स, तिन्हीकडे मानसोपचार विभाग आहे, आणि प्रादेशिक मनोरुग्णालयाचीही ओपीडी आहे, लोक त्याला काय म्हणतात ते सोडा. सरकारी ठिकाणी गर्दी असते, सकाळी लवकर गेलेलं बरं. खासगी मानसोपचारतज्ज्ञाकडे जाणार असाल तर फोनवरच विचारा की मोठ्यांचा एडीएचडी पाहता का, कारण काहींचा अनुभव मुख्यतः मुलांचा असतो. थायरॉइड, बी-१२, हिमोग्लोबिन तपासायला सांगितलं तर कुरकुर करू नका, या गोष्टीही माणसाला असंच सुस्त आणि विसराळू करतात. झोपेत जोरात घोरत असाल तर तेही सांगा.

औषधांत मिथाइलफेनिडेट आणि अॅटोमॉक्सेटिन ही आपल्याकडे नेहमीची. पहिल्याचा परिणाम साधारण तासाभरात समजतो, साधी गोळी तीन-चार तास चालते आणि लांब पल्ल्याची त्याहून बरीच जास्त. दुसऱ्याला काही आठवडे द्यावे लागतात, चार दिवसांत "काही होत नाही" म्हणून सोडू नका. भूक कमी होणं, झोप न लागणं, धडधड, हे होऊ शकते, म्हणून बीपी आणि हृदयाचा काही त्रास असेल तर आधी सांगायचं, आणि औषधावर मन फार उदास किंवा विचित्र वाटायला लागलं तर लगेच डॉक्टरला फोन. मिथाइलफेनिडेट एनडीपीएस म्हणजे अमली पदार्थांवरच्या कायद्याच्या यादीत आहे, प्रिस्क्रिप्शनशिवाय मिळत नाही आणि प्रत्येक दुकानात असतेच असं नाही, तेव्हा गोळ्या संपायच्या आठवडाभर आधीचा अलार्म लावा. विसरभोळेपणाच्या गोळीसाठी इतकं लक्षात ठेवावं लागते, कोणाची कल्पना देव जाणे. मित्राची गोळी मात्र घेऊन पाहू नका. औषधासोबत सीबीटी म्हणजे वागण्याच्या सवयींवर काम करणारी थेरपी मिळाली तर घ्या, गोळी एका जागी बसून काम करायला मदत करते, काय करायचं ते शिकावंच लागते.

एक फरक लक्षात घ्या. एडीएचडीत आवडीचं काम आलं की माणूस टुणकन उठतो. आवडीच्या गोष्टींतही काही वाटत नसेल, दोन आठवड्यांहून जास्त असंच चाललं असेल, जगण्यात अर्थ नाही असे विचार येत असतील तर ते डिप्रेशन असू शकते, आणि दोन्ही एकत्र असणं अगदी नेहमीचं. अशा वेळी हे गाईड बाजूला ठेवा आणि १४४१६ वर फोन करा. टेलिमानस नावाची सरकारी सेवा आहे, २४ तास, फुकट, मराठीत बोलता येते.

सिस्टीम बंद पडली तर

पडणारच. नवी डायरी, फ्रीजवरची पाटी, अलार्म, हे काही दिवस मस्त चालते आणि मग नजरेला सवय होऊन दिसेनासं होते, कारण त्यातला नवेपणा गेला. तेव्हा सगळं फेकून नवं अॅप शोधायला बसू नका, ती अख्खी दुपार त्यातच जाईल. एकच गोष्ट बदला. अलार्मची ट्यून बदला, पाटी फ्रीजवरून दारावर न्या, निळ्या पेनऐवजी लाल घ्या. डायरीत मधे वीस पानं कोरी राहिली असतील तर ती भरायची नाहीत, सोडायची, आजची तारीख टाकायची आणि खाली एकच काम लिहायचं, ज्याला दोन मिनिटांपेक्षा जास्त लागत नाहीत.